अधिक लिहीत नाही

४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मागून कोणीतरी तुला हाका मारत असतं. म्हणून पत्रच लिहायला बसले. पत्राला मध्येच ठेवून पळता येत नाही.

ह्यांची मान धरलीय. गेल्या आठवड्यात लिलाव चालू असताना हमालाला यायला उशीर झाला, तर ह्यांनी टोमॅटोचा भरलेला क्रेट स्वतःच उचलला. साठी जवळ आली तरी माणसाला उचलून दाखवायचं असतंच. तेव्हापासून डावीकडे बघायचं झालं की आख्खे वळतात, कपाटासारखे. लिलाव मात्र चुकवला नाही. व्यापाऱ्यांना म्हणाले, "आज सगळे उजव्या बाजूला या, माझ्या मानेने संप केलाय." आले बिचारे सगळे. त्या आवाजापुढे कोणाची काय टाप? आख्ख्या भाजीबाजारात ह्यांना माइक लागत नाही. पत्र्याच्या छपराखाली शंभर माणसं बोलत असली तरी ह्यांची बोली शेवटच्या गाळ्यापर्यंत जाते.

शिंप्याच्या दुकानावर जो दवाखाना आहे तिथे नेलं. नवीन डॉक्टरीणबाई आहेत, मुलगी हुशार आहे. मान दाबून पाहिली, हात वर करायला लावले, बोटं आवळायला लावली. म्हणाली, "स्नायू दुखावलाय. शेक द्या, जाईल." आम्ही उठलो. दारात मी सवयीने विचारलं, "नक्की ना हो? दुसरं काही नसेल ना?" एवढंच विचारलं रे. तिचा चेहराच उतरला. परत खुर्चीत बसली आणि मानेचं मोठं स्कॅन लिहून दिलं. मी म्हटलं, "अहो, आत्ता तर म्हणालात की स्नायू आहे." तर म्हणाली, "तुम्ही विचारलंत ना. आता न लिहून कसं चालेल?" खाली शिंपी सांगत होता, तिच्या बरोबर शिकलेल्या एका डॉक्टरवर खटला भरलाय, तेव्हापासून ती सर्दीलाही तपासणीचा कागद फाडून देते.

हे म्हणतात, शेकायच्या पिशवीवर भागतंय तर यंत्रात कशाला घालतेस मला. तू सांग. करायचं का? तुझं तर कामच ते.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ताईस नमस्कार,

शेक चालू ठेव. बहुधा लचकच असणार. पण हे 'बहुधा' मी इथे लांब बसून म्हणतोय. मान मी पाहिलेली नाही. आणि एकदा त्या बाईंनी कागदावर लिहिलंय म्हटल्यावर करून घेतलेलं बरं. नाही केलं आणि उद्या काही निघालं, तर 'सांगितलं होतं, केलं नाही' असं व्हायचं.

भाऊजींना इकडेच घेऊन ये. आमच्या हॉस्पिटलमध्ये करू. फोटो मी स्वतः वाचीन, दुसऱ्या कोणाकडे देणार नाही. माझी खोली तू पाहिली नाहीस अजून. तळघरात आहे, खिडकी नाही, दिवे मालवलेले आणि समोर कॉम्प्युटरचे तीन पडदे. दिवसभर मी माणसांच्या आतल्या भागांशी बोलत असतो, माणसं क्वचितच भेटतात. तेवढ्या निमित्ताने तुम्ही दोघं भेटाल.

भाऊजींना म्हणावं, यंत्र फार आवाज करतं, त्यांना स्पर्धा आहे.

तुझा,
धाकटा

२ मार्च

प्रिय धाकट्या,

नीट पोचलो. गंमत म्हणजे तुझ्याकडे यायच्या आधीच ह्यांची मान सुटली होती. गाडीत डावीकडची खिडकी धरून बसले होते आणि येताजाता सगळ्यांना मान वळवून दाखवत होते. मी म्हटलं, आता ठरलंय तर करूनच टाकू. यंत्रातून बाहेर आले ते हसतच. म्हणाले, "तुमच्या यंत्राला एकच भाव येतो, ठक ठक ठक. वाढवत नाही, कमी करत नाही. हे बाजारात चालायचं नाही."

पण तू का हसला नाहीस? चहा घ्यायला वर आलास, कप हातात तसाच धरून बसलास. माझ्याकडे बघतही नव्हतास. आता कागद आला तेव्हा कळलं. मानेच्या मणक्यांबद्दल सगळं ठीक, वयाप्रमाणे. आणि तळाशी एक ओळ. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत लहान गाठ दिसते, गंभीर आजार नाही याची खात्री करण्यासाठी पुढील तपास सुचवला आहे. खाली सही तुझी.

म्हणजे काय रे? मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की गिऱ्हाइकाचा पडदा शिवताना सुई बोटात घुसली. ह्यांनी एकदाच वाचली आणि कागद घडी करून खिशात टाकला.

ताई

९ मार्च

ताई,

घाबरू नकोस. वाटाण्याएवढी गाठ आहे. अशा गाठी पुष्कळांच्या गळ्यात असतात. त्यांना कळतही नाही आणि काही होतही नाही.

पण दिसली आहे म्हटल्यावर मला लिहावी लागते. लिहिली म्हटल्यावर पुढची तपासणी सुचवावी लागते. बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढतात, भूल लागत नाही. तेवढं करून घ्या. मी काही आहे असं म्हणत नाही. काही नाही असंही म्हणत नाही.

तपासणी माझ्या ओळखीच्या सर्जनकडे ठरवतो. वेळ कळवतो.

धाकटा

२८ मार्च

प्रिय धाकट्या,

सुई झाली. निकाल आला, नक्की सांगता येत नाही. पुन्हा टोचली. पुन्हा तेच. मला एक सांग, इतकी यंत्रं, इतकी माणसं, आणि सगळ्यांचं मिळून एवढंच की सांगता येत नाही?

तुझ्या सर्जनसाहेबांनी समोर बसवून एक लांबलचक कागद वाचून दाखवला. गाठ ठेवता येते, ठेवली तर हे धोके. काढता येते, काढली तर हे धोके. रक्तस्राव, आवाज बसणे, आणखी काय काय. आगगाडीच्या गार्डने स्टेशनं वाचावीत तसं वाचत होते. प्रत्येक पानावर सही. शेवटी म्हणाले, "निर्णय सर्वस्वी तुमचा."

ह्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्या भावाच्या गळ्यात असती तर तुम्ही काय केलं असतं?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "तसं मला बोलता येत नाही."

"का हो? भाऊ नाही का तुम्हाला?"

तो माणूस खरंच खाली बघायला लागला. वाईट नसावा.

घरी आल्यावर ह्यांनी जाहीर केलं, "गाठ मला काही म्हणत नाही, मी गाठीला काही म्हणत नाही. विषय संपला." आणि गेले बाजारात. माझा विषय मात्र संपत नाही. भाजी चिरताना, मशीनवर बसताना, हे घोरत असताना माझं लक्ष त्या गळ्याकडे. तिथे काय चाललं असेल आत?

मला कागद नको आहेत. तू माझा भाऊ आहेस. एका शब्दात सांग. काढू की ठेवू?

ताई

५ एप्रिल

ताई,

काढलेली बरी.

अधिक लिहीत नाही.

धाकटा

१२ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तू अधिक लिहीत नाहीस, यातच मला सगळं कळलं. पत्र वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी चहा तसाच ठेवलास, माझी नजर टाळलीस, तेव्हाच ओळखायला हवं होतं. तुझ्या त्या पडद्यावर तुला दिसलंय. मला धक्का बसू नये म्हणून गिळून बसला आहेस. लहानपणीही तू वाईट बातमी असली की असाच दोन शब्दांत बोलायचास.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. तू माझ्यापासून लपवलंस, मी ह्यांच्यापासून लपवते. फक्त हट्ट धरला. तीन दिवस जेवले नाही, रडले, भांडले. शेवटी म्हणाले, "बाई, तुझ्या रडण्यापेक्षा सुरी परवडली. सांग तुझ्या भावाला, तारीख घे म्हणावं." वर मला समजावतात, "एवढं काय, गळा तर गळा, मान तरी शाबूत आहे."

तारीख कळली. बॅग भरली आहे. जे असेल ते असो, वेळेवर सापडलं हे तुझ्यामुळे. त्याचे आभार कसे मानू?

ताई

३ जून

धाकट्या,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण सर्जनसाहेब म्हणत होते, थांबा, येईल आवाज. सूज आहे, उतरेल. परवा त्यांनी नळी घालून आत पाहिलं. एका बाजूची आवाजाची दोरी हलतच नाही. शीर दुखावलीय. "असं कधीकधी होतं, कागदात लिहिलेलं आहे," म्हणाले. आहे खरंच लिहिलेलं. सहीही आहे.

गाठीचा निकाल तुला माझ्याआधी कळला असेल. साधी गाठ. काही नव्हतं. मी तो कागद घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि आनंदाने रडले, विश्वास ठेवशील? ह्यांचा हात धरून म्हटलं, वाचलो. ह्यांनी काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही. नुसती हवा आली.

गेल्या आठवड्यात बाजारात गेले. मीही बरोबर गेले, न सांगता मागे उभी राहिले. लाकडी फळीवर चढले, हात वर केला. सगळे गप्प झाले, इतके की ताडपत्री फडफडताना ऐकू येत होती. ह्यांनी कोबीचा पहिला भाव पुकारला. पहिल्या रांगेतल्या माणसानेही कानामागे हात नेला. दुसऱ्यांदा पुकारला. मग मागून एक हमाल, वाईट हेतू नव्हता त्याचा, ओरडला, "मालक, मोठ्याने!" हे खाली उतरले. जागेवर एक जण आलाय, माइक घेऊन बोलतो. हे आता घरीच असतात. गाठीबरोबर ग्रंथीही काढली, म्हणून रोज सकाळी एक गोळी, जन्मभर. लोक ह्यांच्याशी मोठमोठ्याने बोलतात, जणू हे बहिरे झालेत.

आता मला एकच सांग. तुला काय दिसलं होतं? 'अधिक लिहीत नाही' असं लिहिलंस, तेव्हा तुझ्या मनात काय होतं, जे तू लिहिलं नाहीस?

ताई

२० जून

महोदया,

आपले दिनांक ३ जूनचे पत्र मिळाले. आपल्या पतींच्या प्रकृतीबाबत समजले, त्याबद्दल सहानुभूती आहे.

सदर रुग्णाच्या स्कॅनचा अहवाल प्रचलित वैद्यकीय पद्धतीस अनुसरून देण्यात आला होता. पुढील तपासण्या व शस्त्रक्रिया यांबाबतचा निर्णय रुग्णाने संपूर्ण माहिती घेऊन स्वेच्छेने केला असून तशी संमती लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. प्रस्तुत पत्रातील कोणताही मजकूर जबाबदारीची कबुली समजण्यात येऊ नये.

यापुढील पत्रव्यवहार हॉस्पिटलच्या कार्यालयाशी करावा, ही विनंती.

आपला,
विभागप्रमुख, एक्स-रे व स्कॅन विभाग

२४ जून

महोदया कोण रे?

मी विचारलं होतं माझ्या भावाला. उत्तर भलत्यानेच दिलं. सही मात्र तुझ्यासारखी आहे.

ताई

६ जुलै

ताई,

ते पत्र हॉस्पिटलच्या वकिलांनी तयार केलं होतं. तुझं पत्र आलं ते मी त्यांना दाखवलं. का दाखवलं ते मला नीट सांगता येणार नाही. पाकीट उघडलं, वाचलं आणि पाय आपोआप त्यांच्या खोलीकडे वळले. ते म्हणाले, नातेवाईक आधी असंच लिहितात. सही करताना मी 'महोदया' हा शब्द पाहिला होता. तरी केली.

हे पत्र त्यांना न दाखवता लिहितोय.

तुला एक गोष्ट मी कळू दिली नाही. मागे माझ्यावर खटला झाला होता. एका बाईंच्या छातीचा एक्स-रे होता, बस कंपनीत तिकिटं तपासायच्या. एक जुना डाग दिसला. मी लिहिलं, जुना डाग, काळजीचे कारण नाही. त्या दिवशी जे दिसत होतं त्यावरून ते बरोबर होतं. नंतर तीन तज्ज्ञांनी कोर्टात येऊन तसंच सांगितलं. पण दीड वर्षाने त्या बाई आजारी पडल्या आणि गेल्या. त्यांचा नवरा समोरच्या बाकावर बसायचा. कधी रागाने बघितलं नाही त्याने, नुसता बघायचा. त्याच्या वकिलांनी मला विचारलं, "डॉक्टर, 'पुढील तपास सुचवला आहे' ही एक ओळ जास्त लिहायला आपल्याला कितीसा वेळ लागला असता?"

मी सुटलो. निर्दोष म्हणून कागद मिळाला. तेव्हापासून ती ओळ मी प्रत्येकाला लिहितो. हाताला सवय झालीय. भाऊजींच्या फोटोखाली लिहिली तेव्हा हात थांबला होता. खूप वेळ थांबला होता. मग लिहिली. तू चहाच्या वेळी जे पाहिलंस ते एवढंच होतं.

मला काही दिसलं नव्हतं, ताई. कडा स्वच्छ, आकार लहान. माझ्या स्वतःच्या गळ्यात असती तर मी तिच्याकडे पुन्हा वळूनही बघितलं नसतं. तू विचारलंस 'काढू की ठेवू', तेव्हा 'ठेव' हा शब्द मी कागदावर लिहिला होता. मग वाटलं, हा माझ्या अक्षरात कायमचा राहील. तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. अधिक लिहिलं नाही, कारण अधिक काही नव्हतंच.

तू त्याचा तसा अर्थ घेशील हे माझ्या ध्यानात आलं नाही. बारा एप्रिलचं तुझं पत्र आलं, तेव्हा आलं. शस्त्रक्रियेला अजून चार दिवस होते. मी फोन हातात घेतला आणि ठेवला.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

धाकटा

१९ जुलै

मेव्हणेबुवा,

तुझ्या ताईने तुझं पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि ती गच्चीवर जाऊन बसली. तुला उत्तर लिहिणार नाही म्हणते. मी आयुष्यात पत्र लिहिलेलं नाही, गरजच पडली नव्हती. हाका मारून भागायचं.

पहिलं म्हणजे घाबरू नकोस. मी खटला भरणार नाही. कोर्टात उभं राहून बोलावं लागतं, ते मला कुठे जमणार?

तुझ्यावर राग आहे की नाही, ते अजून ठरत नाहीये. राग आला तर तो काढायचा कसा, हाच मोठा प्रश्न आहे. तुझ्या ताईशी भांडण झालं की मी पाटीवर लिहितो. लिहीपर्यंत निम्मा राग उतरतो, आणि उरलेला वाचून तिला रडू येतं. तिला वाटतं, हे तिने केलं. ती दारात 'नक्की ना' म्हणाली, ती तीन दिवस जेवली नाही. मी पाटीवर 'तू नाही' असं लिहून ठेवलंय. पुसत नाही. त्यामुळे दुसरं काही लिहायला जागा राहिलेली नाही.

तुझ्या पत्रातलं बाकी सगळं मला कळलं. माणूस एकदा पोळला की हात आखडतो. कळलं नाही ते चार दिवसांचं. फोन हातात घेतलास ना? मग मला करायचास. तेव्हा मला बोलता येत होतं. मी तुझ्या ताईला सांगितलं असतं, गाठ काढायला मीच नाही म्हणतोय, धाकट्याचं नाव कुठे येत नाही. तुझ्यावर काही आलं नसतं.

पत्र फाडलं, तू म्हणालास म्हणून.

तुझा,
भाऊजी

१४ सप्टेंबर

धाकट्या,

तुला लिहायचं नाही ठरवलं होतं. इलाज नाही म्हणून लिहिते.

ह्यांना ठसका लागतो. आधी पाण्याचा लागायचा, आता घासाचाही. जेवताना मला खोलीबाहेर घालवतात, कारण तोंडातलं बाहेर येतं आणि ते मला दिसू नये असं वाटतं त्यांना. दाराबाहेर मी ऐकत उभी असते. दोन आठवडे अंगात ताप आहे, येतो-जातो. छातीतून घरघर येते. वजन इतकं उतरलंय की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो.

डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. पाटी उचलून भिंतीकडे वळवून ठेवतात. शिंप्याच्या दुकानावरच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या होत्या, त्यांना पाहून ह्यांनी डोळे मिटून घेतले. त्या म्हणतात, आजच्या आज हॉस्पिटलमध्ये न्या. पण त्या तर सर्दीलाही तसंच म्हणतात.

म्हणून तुला विचारते. हे खरं आहे का?

ताई

१६ सप्टेंबर

ताई,

खरं आहे. अगदी खरं आहे. घास आणि पाणी चुकीच्या वाटेने फुप्फुसात जातंय, त्यातून न्यूमोनिया झालाय. आवाजाची दोरी नीट मिटत नाही म्हणून असं होतं. यावर उपाय आहे. शिरेतून औषध, थोडे दिवस नळीने जेवण, दोरीवरही छोटा उपचार करता येतो. पण आत्ता न्यायला हवं. थांबलात तर भाऊजी वाचणार नाहीत.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र आमच्या ड्रायव्हरच्या हाती गाडीसकट पाठवतोय. त्याच गाडीने या. ताई, भाऊजी, ह्यात माझा कसलाही बचाव नाही. मी हात जोडतो.

धाकटा

(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला)

अक्षर तेच आहे रे तुझं. 'काढलेली बरी' लिहिलं होतंस तेही ह्याच अक्षरात. तुझी ताई म्हणते, ह्या वेळी खरं आहे. असेलही. मला फरक ओळखता येत नाही, आणि आता शिकायची ताकद नाही. गाडी परत पाठवतोय. ड्रायव्हरला चहा दिलाय.

२ ऑक्टोबर

धाकट्या,

तू न बोलता निघून गेलास, म्हणून लिहिते. हे गेल्यानंतर घरात माणसांची ये-जा होती, आता नाही.

गाडी रिकामी परत आली म्हणून तू स्वतः आलास, ते बरं केलंस. दारातून आत येताना मला ओलांडून थेट पलंगाकडे गेलास, गुडघ्यावर बसलास आणि ह्यांच्या हातावर कपाळ ठेवून रडलास. लहानपणीसुद्धा तुला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. "भाऊजी, चला, मी पाया पडतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका पण चला," असं म्हणत होतास. ह्यांनी दुसरा हात काढून तुझ्या डोक्यावर ठेवला. मला वाटलं, आता ऐकतील. खरंच वाटलं. मी बॅग काढायलाही गेले. येऊन बघते तर मान हलवत होते, नाही म्हणून. सावकाश, समजावल्यासारखी. मग तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांचेही डोळे भरले होते. त्यांनी पिशवीतून कागद काढला. रुग्णाने दाखल होण्यास नकार दिला आहे, होणाऱ्या परिणामांची कल्पना दिली आहे. "काका, सही लागेल हो," म्हणाल्या, माफी मागितल्यासारख्या. ह्यांनी केली. सह्या करायला आता सरावले होते. त्यांनी कागद घेतला आणि घडी घालायला लागल्या.

तेव्हा तू उठलास. डोळे पुसले नव्हतेस. गालावरून पाणी ओघळत होतं तुझ्या. हात पुढे करून तो कागद त्यांच्याकडून घेतलास, खिडकीकडे धरलास, वरून खाली पाहिलास आणि म्हणालास, "तारीख राहिलीय." आणि खिशातलं पेन काढून त्यांना दिलंस.

हे तुझ्याकडे बघत होते. हसले. आवाज आला नाही, पण हसले, मी पाहिलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी गेले. शेवटी श्वासाचाच आवाज तेवढा होता, आणि तो मात्र सगळ्या घरात ऐकू येत होता. तुला वेळेवर कळवलं, तू आलास, मागे उभा राहिलास, गेलास. लोक म्हणाले, भाऊ किती खचलाय बघा. खचला आहेस, मला माहीत आहे. तुझं प्रेम नव्हतं असं मी कोणाला म्हणू देणार नाही.

मला खटला नको, कागद नको, तुझी माफीही नको. पडदे शिवायला घेतले की मध्येच हात थांबतो, आणि मला त्या दिवसाची तीच एक गोष्ट समजून घ्यावीशी वाटते. दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही म्हणून तुला विचारते.

डोळ्यांत इतकं पाणी असताना तुला तारीख दिसली कशी रे?

ताई